नखांवरचा चीक

वेंगुर्ले-मालवणकडच्या काजू कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या मायबहिणींना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. भाजलेला काजूगर खुशाल खावा, पण टरफलातला चीक हाताला लागला की कातडी जळते, सोलते. म्हणून बी फोडण्याआधी हाताला तेल किंवा राख लावायची.

भगिनींनो, आज हे आठवले ते खोट्या नखांमुळे. लग्नसराईत हे वेड आता आमच्या वाड्यांतही आले आहे. कुडाळ-कणकवलीच्या पार्लरात नवरी ऐटीत बसते आणि तिची नखे करणारी पोरगी बहुधा आपल्यासारख्याच घरातली, कोर्स करून कमावू लागलेली असते. आम्हाला काळजी आहे ती तिची.

अ‍ॅक्रिलिकचे नख पातळ द्रव आणि भुकटी कालवून बनते. दातांची कवळीही याच जातीच्या मालाची. पूर्ण घट्ट झाल्यावर त्याचा फारसा उपद्रव नाही. उपद्रव कच्च्या द्रवाचा. तो कातडीला पुन्हापुन्हा लागला तर अ‍ॅलर्जी जडते. बोटांची टोके खाजतात, फुटतात, नख सुटू लागते, कधी पापण्या सुजतात. ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर जात नाही. पुढे दाताच्या डॉक्टरने तसलाच माल वापरला तरी ती उठू शकते, म्हणून त्यांना आधीच सांगावे. नवरीची नखे दोन तासांत होतात, त्या पोरीचे हात मात्र दिवसभर त्यातच.

त्यातला मिथाइल मेथॅक्रिलेट हा स्वस्त द्रव. त्याचे नख इतके कडक की अडकले तर खालचे खरे नखच उपटून येते. तक्रारी आल्यावर अमेरिकेने १९७०च्या दशकातच अशा मालावर कारवाई केली. जेलच्या नखांतला 'हेमा' युरोपने २०२० साली फक्त व्यावसायिकांच्या हाती ठेवला. इथे मात्र घरी लावायचे संच पोरी सर्रास मागवतात!

आपल्याकडे १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. बाटलीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, बॅच क्रमांक नसेल तर ती दुकानातच ठेवावी. काम करणाऱ्या मुलींनी खिडकी उघडी, बाटलीचे झाकण बंद ठेवावे. पातळ रबरी हातमोज्यांतून हा द्रव आत झिरपतो. नायट्राइलचे घ्यावेत, आणि द्रव लागताच तेही बदलावेत. तोंडाला रुमाल बांधून थोडी धूळ अडेल, वाफ अडत नाही.

खाज सुटली तर मलम चोळत काम रेटू नये. आधी काम थांबवावे आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना ती बाटलीही सोबत न्यावी.