चलानविरोधात ट्रकवाले संप करतात, चलान फाडणारे वाहतूक पोलीस का करू शकत नाहीत?

चांदीपसारख्या वसई पूर्वेतल्या गावातून मुंबईकडे निघालं की मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागावंच लागतं. कोंडी झाली की आपण सगळे आधी शिव्या घालतो त्या उन्हात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला. जुलै २०२५ मध्ये ई-चलानच्या विरोधात मालवाहतूकदारांनी राज्यभर संप पुकारला. त्यांच्या संघटना आहेत, रिक्षावाल्यांच्या आहेत, एसटी कर्मचाऱ्यांच्याही आहेत. मग वाहतूक पोलिसांची का नाही?

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. वाहतूक पोलीस हे वेगळं खातं नाही. आज पोलीस ठाण्यात असलेला शिपाई उद्या बदलीने वाहतूक शाखेत येतो. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा इथली वाहतूक शाखाही त्याच्याकडे आली. म्हणजे प्रश्न एकट्या वाहतूक शाखेचा नाही, सगळ्या पोलीस दलाचा आहे.

एकेकाळी संघटना होती

महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटना. १९७९ मध्ये पंजाबपासून सुरू झालेली पोलीस आंदोलनांची लाट देशभर पसरली होती. त्याच वर्षी धर्मवीर आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांची अवस्था आणि त्यांच्या तक्रारींसाठी यंत्रणा हा विषय घेतला. मुंबईतल्या पोलिसांची गाऱ्हाणी तीच होती: तुटपुंजा पगार, न संपणारी ड्युटी, पोलीस लाइनीतली कोंदट घरं.

१५ ऑगस्ट १९८२ ला पोलिसांनी काळ्या फिती लावून स्वातंत्र्यदिन साजरा केला. तीन दिवसांनी, १८ ऑगस्टच्या पहाटे बाबासाहेब भोसले सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि नेत्यांना अटक केली. पोलीस रस्त्यावर उतरले. जानेवारीपासून संपावर असलेले गिरणी कामगारही त्यात आले. लोकल अडवल्या गेल्या, जाळपोळ आणि लूटमार झाली. ज्या शहरात बंदोबस्ताला पोलीस लागतात, तिथे पोलिसांनाच आवरायला लष्कर बोलवावं लागलं! अनेक जण बडतर्फ झाले. संघटना संपली ती कायमचीच.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार पोलिसांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्याच आधारे १९६६ चा कायदा आला: सरकारच्या परवानगीशिवाय कामगार संघटनेत जायचं नाही. मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दिल्लीतल्या पोलीस कर्मचारी संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हे निर्बंध वैध ठरवले.

पण 'परवानगीशिवाय' हा शब्द पुन्हा वाचा. कायद्याने दार पूर्ण बंद केलेलं नाही, किल्ली सरकारकडे ठेवली आहे. केरळ सरकारने ती वापरली, तिथे केरळ पोलीस असोसिएशन मान्यताप्राप्त आहे. ब्रिटनने तर १९१८ आणि १९१९ च्या पोलीस संपांनंतर संपावर बंदी घातली, पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशनही उभी करून दिली. महाराष्ट्राने बंदी ठेवली आणि पर्याय मात्र दिला नाही. ८२ ची भीती समजण्यासारखी आहे. चाळीस वर्षांनंतरही तेच कारण पुरेसं आहे का, हा वेगळा प्रश्न.

मग गाऱ्हाणं जातं कुठे? साहेबांसमोर, एकेकट्याने. किंवा घरच्यांच्या तोंडून. २०१६ मध्ये मुंबईत हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराला अडवल्यावर वाहतूक हवालदारावर हल्ला झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला. तेव्हा पोलिसांच्या सुरक्षेसाठी बोलायला पुढे आल्या त्या पोलिसांच्या पत्नी.

त्याच वर्षी मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याचं वेळापत्रक आखलं होतं एका पोलीस कर्मचाऱ्याने, स्वतःच्या डोक्याने. तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकरांनी ते मनावर घेतलं, म्हणून ते झालं. महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघायला २०२२ उजाडलं, आणि तोही वरून आलेला आदेशच होता.