दहा आसनांचे भोजनगृह

वाचकहो, रांधणाऱ्याच्या कौशल्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. जेवणाऱ्याच्या कर्तव्याविषयी मात्र आपल्या बोलण्यात फारसा विषय निघत नाही. या दुसऱ्या गोष्टीचा विचार करावयाचा असेल, तर जपानातील एखाद्या चिमुकल्या भोजनगृहाकडे पाहावे. तेथे मालक, आचारी आणि वाढपी हे तिन्ही बहुधा एकच असतात. आठ-दहा आसने, समोर लाकडाची एक लांब फळी आणि तिच्या पलीकडे उभा असलेला तो गृहस्थ, एवढाच सारा थाट. त्याला जपानी भाषेत ‘इतामाए’ म्हणतात. फळीसमोर उभा राहणारा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

येथे पदार्थांची यादी पुढे येत नाही. पाहुणा ‘ओमाकासे’ म्हणतो, म्हणजे ‘आपल्यावर सोपवितो’. त्या दिवशी पहाटे बाजारात जे उत्तम मिळाले असेल, ते आचारी आपल्या क्रमाने एकेक करून पुढे ठेवतो. निवड त्याची, विश्वास आपला.

या प्रकारच्या भोजनगृहांत ‘सुशी’ची दुकाने विशेष प्रसिद्ध आहेत. शिरका घातलेल्या भाताचा लहानसा मुटका आणि त्यावर माशाची चकती, हे तिचे आजचे रूप. तोक्यो शहराचे नाव एदो होते त्या काळी, सुमारे 1820 नंतरच्या दशकात, ते तेथे रूढ झाले. त्याचे श्रेय बहुधा हानाया योहेई या आचाऱ्यास देतात. त्या वेळी बर्फाची सोय नव्हती. म्हणून मासा मिठाशिरक्यात मुरवीत, सोयाबीनच्या आंबवलेल्या रसात बुडवून ठेवीत किंवा शिजवून घेत. अडचणीतून जन्मलेल्या या युक्त्या पुढे चवीसाठीच जतन केल्या गेल्या. कच्चा मासा कापून भातावर ठेवला की झाले, असा जो समज आहे, तो म्हणूनच अपुरा आहे.

तोक्योच्या गिंझा भागात, एका इमारतीच्या तळघरात, जिरो ओनो यांनी 1965 साली आपले दुकान थाटले. आसने अवघी दहा. 1925 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी लहानपणीच घर सोडून भोजनगृहात उमेदवारी सुरू केली. 2011 साली त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांच्या कामाची शिस्त दिसते. ऑक्टोपस मऊ व्हावा म्हणून शिकाऊ मुलगा तो चाळीस ते पन्नास मिनिटे हातांनी मळत बसतो. नव्या उमेदवाराला आधी कढत फडकी पिळावयास शिकावे लागते. मासा हाती येतो तो फार पुढे. उमेदवारी सुमारे दहा वर्षांची असते. भात अंगाच्या उष्णतेइतकाच कोमट असावा लागतो. पाहुणा डावखुरा आहे असे दिसले, की घास त्याच्या हाताला सोयीचा होईल असा ठेवला जातो. कोणाचा घास लहान, कोणाचा मोठा, तोही असा बेताने, की पंक्तीतील सर्वांचे जेवण बरोबरीने चालावे. पंक्तीत वाढणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही ही दृष्टी परिचित आहे.

कीर्ती मात्र वाढत गेली. 2007 साली मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेने या दुकानास आपले सर्वोच्च तीन तारे दिले. 2014 साली अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा तेथे जेवून गेले. आसने मात्र दहाच राहिली. परिणामी सर्वसामान्य माणसाला तेथे जागा मिळेनाशी झाली, आणि याच कारणासाठी 2019 च्या अखेरीस मार्गदर्शिकेने दुकानाचे नाव गाळले. गुणांत उणेपणा आला म्हणून ते गाळले नव्हते. उत्तम वस्तू थोडीच होते आणि ती सर्वांना हवी असते, हा पेच कोणत्याही मार्गदर्शिकेला सुटणारा नाही. सुदैवाने जपानात अशी लहान दुकाने गल्लोगल्ली आहेत, आणि सगळीच काही महाग नाहीत.

आपणांपैकी कोणास शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने तिकडे जाण्याचा योग आला, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ठरल्या वेळी पोहोचावे. आठ आसनांच्या दुकानात दोघे आले नाहीत, तर त्या दिवसाच्या मिळकतीचा चौथा हिस्सा बुडतो आणि पहाटे आणलेला माल वाया जातो. उग्र अत्तर लावू नये, कारण शेजाऱ्याच्या घासाचा वास त्याने मारला जातो. समोर ठेवलेला घास लगेच खावा. हाताने खाल्ला तरी चालतो. आले हे दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते. बक्षिसी देण्याची तेथे चाल नाही.

शाकाहारी वाचकांनी विशेष सावध असावे. जपानी सारामध्ये वरून मासा दिसला नाही, तरी त्याचे पाणी पुष्कळदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचे असते. म्हणून जागा ठरवितानाच स्पष्ट सांगावे. फळीसमोर बसल्यावर सांगणे आचाऱ्यावर अन्याय करणारे आहे. बौद्ध मठांतून चालत आलेली ‘शोजिन’ पद्धतीची पाकशाळा मात्र मांसमत्स्यरहित असते. तेथे सार समुद्रशैवाल आणि सुकी अळंबी यांचे करतात.

जेवण आटोपल्यावर जपानी माणूस ‘गोचिसोसामा’ म्हणतो. त्यातील ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ असा आहे. पाहुण्यासाठी कोणीतरी धावले, जिन्नस गोळा केले, याची ती जाणीव होय.

हे वाचून आपण म्हणाल, की एवढ्या दूरच्या दुकानाशी आमचा काय संबंध? ‘पान वाढले आहे’ अशी हाक आल्यावर आपल्या घरी काय घडते, ते एकदा पाहावे. एकजण वर्तमानपत्र संपवितो, दुसरा खेळ आवरीत नाही, आणि तव्यावरून उतरलेली पोळी निवत राहते. जिने ती केली, तिच्या वाट्याला शेवटची आणि गार पोळी येते. तोक्योतील पाहुणा पैसे मोजून जी तत्परता दाखवितो, ती आपण घरी विनामूल्य दाखवू शकतो. या आठवड्यात एक दिवस हाकेसरशी सर्वांनी पानावर यावे, आणि चूल सांभाळणारीला पहिली गरम पोळी कोणीतरी वाढावी. तव्याशी उभे राहण्याचे काम तेवढ्यापुरते घरातील दुसऱ्या कोणी पत्करले, तर हे सहज साधेल.