दिवाळं काढलं तरी फिटत नाही

परवा कॅन्टीनमध्ये नुकताच ऑनसाईटहून परतलेला एक मित्र म्हणाला, "अमेरिकेत बरं आहे रे. कर्ज झालं की दिवाळं काढायचं, पाटी कोरी!" मी म्हटलं, क्रेडिट कार्डाचं ठीक आहे, पण गुन्हा केला आणि कोर्टाने भरपाई द्यायला लावली तर? चहाची पैज लागली. शनिवार त्यातच गेला.

उत्तर 'नाही' असं आहे, पण तिथवर पोचायचा रस्ता भलताच वाकडा निघाला.

कनेक्टिकटमधल्या एका बाईंनी सरकारी मदतीचे ९,९३२.९५ डॉलर गैरमार्गाने घेतले. १९८० मध्ये शिक्षा झाली. तुरुंगवास स्थगित, पाच वर्षांचं प्रोबेशन आणि दरमहा १०० डॉलर भरपाई. १९८१ मध्ये बाईंनी चॅप्टर ७ खाली दिवाळखोरी जाहीर केली आणि थोड्याच दिवसांनी हप्ते थांबवले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं (केली विरुद्ध रॉबिन्सन, १९८६) आणि निकाल लागला की ही रक्कम माफ होत नाही.

आता गंमत बघा. कायद्यात सवलत नाकारली होती ती सरकारला देय असलेल्या दंडाला, आणि तीही तो प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई नसेल तरच. मग कोर्ट म्हणालं, ही भरपाई मुळात नुकसान भरून काढायला नाहीच, ती शिक्षा आहे! आपण ज्याला जुगाड म्हणतो ते हेच. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांना ते पटलं नाही. १९९० मध्ये डेव्हनपोर्ट खटल्यात बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला, की चॅप्टर १३ मध्ये अशी भरपाई माफ होते, कारण तिथे तो अपवाद लिहिलेलाच नाही. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा दुरुस्त करून ती पळवाट बंद केली. १९९४ मध्ये फेडरल गुन्ह्यांतल्या भरपाईसाठीही वेगळं कलम आलं.

माझं मत विचाराल तर मी मार्शलसाहेबांच्या बाजूचा. कोडमध्ये बग असेल तर पॅच द्या, आउटपुटचा अर्थ फिरवू नका. भरपाई माफ होऊ नये हे मलाही मान्य आहे. चोरीचे पैसे आणि नोकरी गेल्यामुळे थकलेला हप्ता एका पारड्यात कसे घालणार? पण मग ती ज्याचं गेलं त्याच्यासाठी आहे, असं सरळ म्हणा ना.

कारण हिशोब करून बघा. दरमहा १०० प्रमाणे पाच वर्षांचे होतात ६,०००. म्हणजे बाईंनी एकही हप्ता चुकवला नसता तरी जवळजवळ चार हजार बुडालेच असते. कोर्टाचं 'ही शिक्षाच आहे' हे म्हणणं निदान या आकड्यांशी जुळतं, आणि मला खटकतं ते नेमकं हेच.

असो. मित्राने चहा पाजला. कटिंगच.