सावनेरची विद्यार्थिनी आणि बंद पेटी

सावनेर तालुक्याची ओळख अजूनही संत्री, कापूस आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी अशीच करून दिली जाते. पण सकाळी नागपूरकडे निघणाऱ्या एस.टी.त आता संगणकशास्त्र शिकणारी मुलेमुलीही असतात. शेतकऱ्यांची, खाणकामगारांची, शाळामास्तरांची ही पिढी राजकारणापासून दूर आहे, मोबाइलमध्ये बुडाली आहे, अशी तक्रार कार्यकर्त्यांच्या बैठकांतून वारंवार ऐकू येते. ही तक्रार आळशीपणाची आहे. या मुलामुलींना मते आहेत आणि ती ठाम आहेत. फक्त ती ज्या विषयांवर आहेत, म्हणजे पैशाचे ऑनलाइन खेळ, मतदान यंत्र आणि संगणकाच्या क्षेत्रातील स्त्रीचे स्थान, ते विषय पुरोगामी चळवळीने अद्याप धडपणे हाती घेतलेले नाहीत.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांची चर्चा आपल्याकडे दोन टोकांची होते. एक टोक नीतिपाठाचे, दुसरे व्यक्तिस्वातंत्र्याचे. कायद्याची परंपरा मात्र कौशल्य आणि नशीब या भेदावर उभी आहे. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, असे ठरविले. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पुढे मोबाइलवरील रमीचा सारा धंदा या दुसऱ्या निर्णयाच्या आडोशाने वाढला. परंतु चार मित्रांनी ओट्यावर मांडलेला डाव आणि कंपनीने मांडलेला डाव यांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. ओट्यावर एकाचे जाते ते दुसऱ्याला मिळते. कंपनी प्रत्येक डावातून आपला हिस्सा आधी कापून घेते. म्हणून जितके डाव अधिक तितकी सर्व खेळणाऱ्यांची मिळून रक्कम घटतच जाते. मग खेळणारा कितीही कुशल असो. शिवाय ओट्यावर पत्ते पिसणारा हात दिसतो. मोबाइलमध्ये पत्ते कोण पिसतो, समोरचा भिडू माणूस आहे की आज्ञावली, हे संगणकशास्त्राचा विद्यार्थीही बाहेरून सांगू शकत नाही. जे तपासताच येत नाही, तेथे कौशल्य की नशीब हा वाद पोकळ आहे.

सरकारचे वर्तन या बाबतीत मोठे बोधप्रद आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावण्यात आला. म्हणजे खेळणारा हरण्यापूर्वीच राज्यसंस्था त्याच्या पैशात भागीदार झाली. त्याच वर्षी नागपुरातील एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांकडे आली, तेव्हा विदर्भात हे लोण किती खोल गेले आहे ते उघड झाले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत, गोंधळात, पैशाच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घालणारा कायदा संमत केला. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये यात गमावतात, असा अंदाज सरकारनेच त्या वेळी मांडला. खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ही तरतूद योग्यच आहे. पण जी व्याधी इतकी पसरली होती, तिच्यावर दोन वर्षे कर गोळा करीत बसण्याचे समर्थन कसे करणार? त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत प्रसृत झाली होती. आपण जाहिरात बंद करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले! यावर अधिक भाष्य नको.

मतदान यंत्राचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि येथे चळवळीतील मंडळींनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. पराभव झाला की यंत्रावर संशय आणि विजय मिळाला की मौन, ही भूमिका संगणक शिकलेल्या तरुणांना पटत नाही. राज्यातील किंवा देशातील एखादा निकाल यंत्रात फेरफार करून फिरविला गेला, असा न्यायालयात टिकणारा पुरावा अद्याप कोणी दिलेला नाही. दुसऱ्या बाजूस, यंत्र अभेद्य आहे हा निवडणूक आयोगाचा दावाही श्रद्धेचाच भाग ठरतो, कारण त्याची स्वतंत्र परीक्षा होऊ दिली जात नाही. मुंबईतील सरकारी गोदामातून आलेल्या एका जुन्या यंत्रातील दोष दाखविणारे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांना २०१० साली अटक झाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून पाहण्याचे ठरविले, तेव्हा जमावबंदी लावून ते रोखण्यात आले. शास्त्रीय कसोटीवर तो प्रयोग टिकला नसता, हे खरे. पूर्वीचे मतदान गुप्त; दुसऱ्यांदा तोच माणूस तेच मत देईल याची खात्री नाही. पण चुकीच्या प्रयोगाला उत्तर पोलीस बंदोबस्त हे नव्हे.

येथे संख्याशास्त्राचा आधार घेतला पाहिजे. मतदाराला सात सेकंद दिसणारी कागदी चिठ्ठी पेटीत जमा होते. २०१९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून पडताळल्या जातात. समजा, सावनेरसारख्या मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत आणि त्यांपैकी तीन यंत्रे बिघडलेली आहेत. यदृच्छेने निवडलेल्या पाच यंत्रांत त्यांपैकी एक तरी सापडण्याची शक्यता शंभरात अवघी पाच. तीस यंत्रे बिघडलेली असली तरी शंभरात सुमारे ४१. उलट, राज्याच्या २८८ही मतदारसंघांत प्रत्येकी तीन यंत्रे बिघडलेली असतील, तर एकूण १,४४० यंत्रांच्या पडताळणीतून ते निसटणे जवळजवळ अशक्य. सध्याची पडताळणी राज्यव्यापी लबाडी पकडण्यास पुरेशी आहे. थोड्या मतांनी लागलेल्या एका जागेच्या निकालाला मात्र ती पुरेशी नाही. मताधिक्य जितके कमी तितकी अधिक यंत्रे तपासावी, हा साधा नियम त्यातून निघतो. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परंतु असा नियम करण्यास त्या निकालाची अडचण नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने तर २००९ साली स्पष्टच म्हटले की, निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत.

आणि ही चिठ्ठीची सोयही सर्वत्र नाही. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका चिठ्ठीविनाच झाल्या. ज्या मतदाराने विधानसभेला चिठ्ठी पाहिली, त्याला आपल्या गावच्या नगराध्यक्षाचे मत केवळ दिव्याच्या प्रकाशावर विश्वासून द्यावे लागले. विधानसभेच्या यंत्रांवरून रान उठविणाऱ्या पक्षांपैकी किती जणांनी नगरपरिषदेच्या यंत्रांबद्दल तेवढाच आवाज उठविला?

आता स्त्रियांविषयी. संगणकाचा आरंभीचा इतिहास पुरुषांचा आहे, हा समजच चुकीचा. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनियाक या यंत्राला गणित करायला लावणाऱ्या सहा स्त्रियाच होत्या. समारंभात मात्र त्यांना विचारले गेले नाही. अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्के होते. पुढच्या दोन-अडीच दशकांत ते निम्म्यावर आले. घरगुती संगणक त्याच काळात मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण अभ्यासकांनी दाखविले आहे. खेळ आणि स्त्री यांचा संबंध असा आहे.

भारतात उलटे घडले. येथे मुलींनी संगणक मोठ्या संख्येने निवडला. पण कारण तपासले तर फारसा अभिमान वाटू नये. कारखान्यात उभे राहावे लागत नाही, उन्हात फिरावे लागत नाही, चार भिंतींत बसून काम करता येते, म्हणून वडिलांनी परवानगी दिली! १९७४ साली टेल्कोने पुण्याच्या कारखान्यासाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे म्हटले होते आणि सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहून त्याचा निषेध केला, हे सर्वश्रुत आहे. तशी जाहिरात आज कोणी देणार नाही. तिची गरजही उरलेली नाही. अर्ज घेतला जातो, नोकरी मिळते, आणि लग्न किंवा पहिले मूल झाले की मुलगी आपोआप गळते.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले. २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. केवळ सत्ताधाऱ्यांनी घेतले म्हणून त्यांची टिंगल करण्याची सवय चळवळीने सोडावी. परंतु शुल्क माफ झाले तरी वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च उरतोच, आणि संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकता येत नाही. त्यापुढचा प्रश्न अंतराचा. सावनेर नागपूरच्या उत्तरेला ३५-४० किलोमीटरवर, तर संगणक कंपन्या असलेले मिहान शहराच्या पार दक्षिण टोकाला. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीच्या संमतीने, सुरक्षेच्या अटींवर, रात्री साडेनऊनंतरच्या कामाला मुभा दिली. ही मुभा पुण्यात कॅबमधून जाणाऱ्या नोकरदार तरुणींच्या २००७ आणि २००९ सालच्या हत्यांनंतरची आहे, आणि घरचे लोक त्या हत्या विसरलेले नाहीत. कंपनीची गाडी नागपूरच्या वेशीपर्यंत येते की सावनेरच्या घरापर्यंत, यावर त्या मुलीची संमती ठरते. आणि ती संमती तिची असते की वडिलांची, हे कायद्याला कळत नाही. कामगार संघटनांनी मिहानच्या कंपन्यांकडे पहिली मागणी करायची असेल तर ती या गाडीची करावी, आणि दुसरी शहराच्या दक्षिणेला नोकरदार मुलींसाठी सरकारी वसतिगृहाची.