एचएमटीचं कूळ आणि दादाजींचं नाव

जरीपटक्यात कोणत्याही किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मागा, मिळेल. तो कुणी शोधला हे विचारा, दुकानदार तोंडाकडे पाहत राहील.

दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड, मराठवाड्यातलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं. तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे दलित शेतकरी. 1983 मध्ये 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला ठेवून, दरवर्षी निवड करत त्यांनी हे वाण उभं केलं. 'पटेल 3'ला जबलपूरच्या शास्त्रज्ञाचं नाव आहे. दादाजींच्या धानाला मात्र व्यापाऱ्यांनी मनगटी घड्याळाचं नाव दिलं! पुढे 1998 मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केलं. बियाणं माझ्याकडूनच नेलं, हे दादाजी सांगत राहिले. म्हणे शुद्धीकरण केलं. शुद्ध-अशुद्धाची ही भाषा आमच्या फार जुन्या ओळखीची आहे.

आता धानाचं कूळ डीएनए मार्करने तपासता येतं. डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, ते वाणागणिक बदलतं. अशी अनेक ठिकाणं ताडून पाहिली की कोणतं वाण कुणाच्या जवळचं ते कळतं. बासमतीतली भेसळ पकडायला हैदराबादच्या सीडीएफडीत अशीच चाचणी होते. निर्यातदाराचा पैसा अडकला की विज्ञान धावून येतं. मग एचएमटीसाठी का नाही?

(आपल्याकडे डीएनए म्हटलं की मूळचा कोण, परका कोण सुरू होतं. बाबासाहेबांनी जातीचा वंशसिद्धांत नाकारला होता. इथे गोष्ट धानाची आहे.)

पण नुसत्या मार्करवर विसंबू नका. एकाच वाणातून निवडलेलं धान मूळ वाणाच्या फार जवळचं निघतं. म्हणजे प्रयोगशाळेचा कागद श्रेय पुन्हा 'पटेल 3'लाच देऊ शकतो! लोंबी ओळखणारा हात कोणत्याही डीएनएत दिसत नाही. त्याची नोंद माणसांनीच ठेवावी लागते.

2001 चा पीक वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करू देतो. नवं वाण नोंदवणाऱ्याला मूळ बियाणं कुठून आणलं हेही सांगावं लागतं. दादाजी 3 जून 2018 रोजी गेले. त्यांच्यासारखे निवड करणारे शेतकरी नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीत आजही असतील. आमच्या कार्यकर्त्यांनी तिकडे जावं, वाण, साल, बांधी लिहून घ्यावी. आणि पाहुणा साहेब असो की व्यापारी, बियाणं नेताना त्याच्याकडून सहीची पोच घ्यायला सांगावं.