मंजुलिकेला काय हवं होतं?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी जयपूरच्या राजमंदिर चित्रपटगृहात ‘भूल भुलैया ३’चा ट्रेलर झळकला. जागा अगदी योग्य होती. १ जून १९७६ रोजी ‘चरस’ने सुरू झालेलं हे एकपडदा थिएटर डब्ल्यू. एम. नामजोशी या मराठी वास्तुविशारदाने आखलेलं. मोती, माणिक, पाचू, हिरा अशी तिथल्या वर्गांची नावं आजही टिकून आहेत. पुढे मार्च २०२५मध्ये आयफाचा सोहळा जयपुरातच झाला आणि याच चित्रपटासाठी कार्तिक आर्यनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, २००७ साली, पहिल्या भागातला राजवाडा पडद्यावर दिसला तो जयपूरजवळच्या चौमूचा. कथा वाराणसीची आणि भिंती राजस्थानच्या.

जयपूरशी या मालिकेचं नातं इतकं जुनं आहे. तेव्हा तिसऱ्या भागाचा हिशेब इथूनच मांडलेला बरा.

भुताच्या प्रेमकथेचा पुढचा भाग जोखायचा कशावर? जमलेला गल्ला, परत आणलेले जुने चेहरे, किंकाळ्यांची संख्या, यातलं काहीच कामाचं नाही. प्रश्न एकच विचारायचा: या भुताला काय हवंय? त्याचं उत्तर कथेकडे असेल तर चार चुका पोटात घालता येतात. उत्तरच नसेल तर कितीही मोठा वाडा उभारा, तो रिकामाच राहतो.

पहिल्या ‘भूल भुलैया’कडे उत्तर होतं. प्रियदर्शन यांनी १९९३च्या ‘मणिचित्रताळु’ या मल्याळम चित्रपटावरून तो केला. मंजुलिका ही बंगालहून आणलेली दरबारातली नर्तकी. तिचं प्रेम शशिधर या नर्तकावर. राजा विभूतिनारायणने त्याला मारलं आणि तीही गेली. मंजुलिकेला तिचा शशिधर हवा होता, तो गेला म्हणून राजाचा सूड हवा होता. खरं तर त्या चित्रपटात भूत नाहीच. नव्याने घरात आलेली अवनी त्या कहाणीत इतकी शिरते की मंजुलिका होऊन जगू लागते, आणि तिला बरं करायला येतो तो मानसोपचारतज्ज्ञ. पण त्याचा उपाय पाहा. तो मंजुलिकेला हाकलत नाही. दुर्गाष्टमीच्या रात्री तो तिच्या हातात तलवार देतो आणि नवऱ्याच्या जागी पुतळा सरकवून तिला तिचा सूड पुरा करू देतो. अवनी बरी होते ती मंजुलिकेचं दुःख ऐकून घेतलं गेल्यामुळे.

‘आमी जे तोमार’ हे गाणं आठवून पाहावं. आधी झगझगीत दरबार दिसतो, दागिन्यांनी मढलेली नर्तकी, समोर विनीत यांचा शशिधर. मग एका कटमध्ये दरबार नाहीसा होतो. पडझड झालेल्या दालनात विद्या बालनची अवनी एकटीच नाचते आहे, केस मोकळे, काजळ गालावर ओघळलेलं, आणि तिचा नवरा ते पाहतो आहे. कॅमेरा या दोन जगांत ये-जा करत राहतो. प्रेक्षकाला भीती वाटते आणि त्याच क्षणी तिची कणवही येते. या मालिकेची सगळी पुंजी त्या काही मिनिटांत आहे.

दुसऱ्या भागाने ही पुंजी उधळली. २०२२च्या मे महिन्यात आलेल्या अनीस बज्मी यांच्या या चित्रपटात तब्बूने अंजुलिका आणि मंजुलिका या जुळ्या बहिणी केल्या, आणि ताकदीने केल्या. पण इथली मंजुलिका काळी जादू करणारी, बहिणीच्या सुखावर जळणारी बाई. राजसत्तेने जिचा प्रियकर हिरावला, तिचं नाव एका दुष्ट बाईला चिकटवलं गेलं. भूत आता खरोखरचं झालं, पण त्याचं प्रेम मागे पडलं. ते गाणंही कार्तिकच्या वाट्याला आलं, तांडवासकट. नाच झोकात झाला. आतलं दुःख मात्र त्यात नव्हतं.

तिसरा भाग १ नोव्हेंबर २०२४ला, दिवाळीत, ‘सिंघम अगेन’च्या समोरासमोर लागला. कथा बंगालमधल्या रक्तघाटला गेली, विद्या बालन परतली आणि माधुरी दीक्षित आली. मध्यांतरापर्यंतचा चित्रपट कंटाळवाणा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. विनोद ओढूनताणून आणलेले. रूहान (कार्तिक) आणि मीरा (तृप्ती डिमरी) यांचं प्रेम गाण्यापुरतं उगवतं आणि गाण्याबरोबर मावळतं. तृप्ती डिमरीला करण्यासारखं जवळपास काही दिलेलंच नाही. माधुरी आणि विद्या समोरासमोर नाचतात तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं, दोघींच्या देहबोलीतला फरक पाहत राहावा असा आहे. पण पहिल्या भागातलं गाणं कथेला पुढे ढकलत होतं, इथलं गाणं कथा थांबवून होतं.

शेवट मात्र वेगळा आहे. (चित्रपट पाहायचा राहिला असेल, तर पुढचा परिच्छेद वगळावा.)

ज्याला सगळे मंजुलिका समजत होते तो आत्मा निघतो राजपुत्र देवेंद्रनाथचा. त्याला स्त्रीवेशात नाचायला आवडतं, हे उघडकीला येतं आणि त्याला जिवंत जाळलं जातं. यात त्याच्या बहिणींचा हात असतो. या आत्म्याला काय हवंय याचं उत्तर इतक्या वर्षांनी पुन्हा स्वच्छ मिळतं: आपण जसे होतो तसं आपल्याच माणसांनी आपल्याला स्वीकारावं. दिवाळीच्या गर्दीसाठी काढलेल्या मोठ्या व्यावसायिक हिंदी चित्रपटाने हे म्हणणं धाडसाचं आहे, आणि कार्तिक तो भाग खिल्ली न उडवता, मनापासून करतो. चुटके बंद होतात आणि मालिकेला तिचा हरवलेला सूर सापडतो. हा धागा पहिल्या दृश्यापासून विणला असता तर काय चित्रपट झाला असता! आधीचे दोन तास त्याची चाहूलही लागू देत नाहीत, म्हणून तो शेवटी आणलेला ट्विस्ट वाटतो.

असं विणलेलं पाहायचं तर राजस्थानातच उदाहरण आहे. विजयदान देथा यांची ‘दुविधा’. नवरा लग्नानंतर लगेच व्यापाराला निघून जातो, नवरीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. पण तिच्यापाशी ते खोटं बोलत नाही, आपण कोण ते सांगून टाकतं, आणि निर्णय तिचा राहतो. जयपुरात शिकलेल्या मणी कौल यांनी १९७३ साली त्यावर चित्रपट केला, त्यात गुराखी त्या भुताला पखालीत कोंडतो. २००५ साली अमोल पालेकरांनी ‘पहेली’त तीच कथा पुन्हा सांगितली आणि शेवट बदलला: भूत नवऱ्याच्या देहात शिरतं आणि तिच्याजवळच राहतं. शेवट बदलला तरी भुताचं मागणं तेच राहिलं. जुनी कथा पुढे नेण्याची ही रीत सीक्वेलवाल्यांनी शिकून घ्यावी. आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’नेही ते सांभाळलं. ‘स्त्री’पासून सुरू झालेल्या मालिकेतला तो पुढचा चित्रपट, पण त्याच्या कोकणातल्या भुताला लग्न हवंय, हे पोरासोरांनाही कळतं.

तेव्हा निकाल असा: ‘भूल भुलैया ३’ दुसऱ्या भागापेक्षा सरस आणि पहिल्याच्या बराच मागे. पाहणार असाल तर आधी २००७चा पुन्हा पाहा, आणि तिसऱ्याचा शेवटचा अर्धा तास चुकवू नका.