डोक्याला हेल्मेट, पायात चप्पल?

परवा पावसात बाईक स्लिप झाली. डोकं हेल्मेटमुळे वाचलं, पण पायात चप्पल! ती कधीच उडाली आणि घोटा मस्त सोलवटून निघाला. तीन आठवडे लंगडतोय.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेटची सक्ती करतं, चपलेबद्दल चकार शब्द नाही. पण म्हणून आपण अक्कल गहाण ठेवायची का?

माझं मत सरळ आहे. बूट घोटा झाकणारा, जाड आणि सहज न वाकणाऱ्या सोलचा हवा. लेस आत खोचा, नाहीतर गिअरच्या लिव्हरमध्ये अडकते आणि सिग्नलला पाय टेकताच येत नाही. रायडिंगचे बूट घेताना ईएन १३६३४ हे युरोपियन स्टँडर्ड बघा. बाईकवर लाखभर घालवतोच ना आपण? मग थोडे पायांसाठीही काढा राव!